अपूर्णविरामाचं पूर्ण वाक्य

परवा ओळखीतल्या एका मुलीने नोकरीचा अर्ज तपासायला दिला. इंग्रजी छान होतं, पण पहिल्याच परिच्छेदात ‘माय स्ट्रेंग्थ्स आर:-’ आणि पुढे चार गुण. मी पेन उचललं तशी म्हणाली, ‘‘मॅडम, शाळेपासून असंच लिहितो.’’ खरं आहे. उत्तर:-, विषय:-, स्थळ:-. आपले हात त्यावरच बसलेत.

त्यातली रेघ आधी काढू. मराठीत विरामचिन्हं रुजवली इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या धर्तीवर. त्या काळच्या इंग्रजी छपाईत दोन टिंबं आणि रेघ अशी जोडी सर्रास दिसे. पुढे इंग्रजीने रेघ टाकून दिली, आपण मात्र जपून ठेवली. आज इंग्रजीत नुसती दोन टिंबं, म्हणजे कोलन. त्याच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर सोडायची.

खरी गोची नावात आहे. आपलं व्याकरण कोलनला अपूर्णविराम म्हणतं. त्यामुळे वाटतं, वाक्य अर्धवट राहिलं की तो टाकावा. इंग्रजीत नेमकं उलट! कोलनच्या डावीकडचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. तिथे पूर्णविराम देऊन बघा. ‘माय स्ट्रेंग्थ्स आर.’ काय आर? वाक्य लंगडं. म्हणजे तिथे कोलन नको. ‘आर’नंतर सरळ गुण लिहा. ‘आय हॅव फोर स्ट्रेंग्थ्स.’ हे उभं राहतं, इथे कोलन खुशाल द्या. ‘सच अ‍ॅज’ आणि ‘इन्क्लूडिंग’ यांच्यामागोमाग कोलन देणारेही बरेच भेटतात. तोही काढा.

यादी हा कोलनचा सोपा उपयोग. मला आवडतो तो दुसरा. ‘ही हॅड वन प्रॉब्लेम: नोबडी बिलीव्ह्ड हिम.’ पहिल्या वाक्याने उत्सुकता लावली, दुसऱ्याने ती भागवली. इथे सेमीकोलन, म्हणजे आपला अर्धविराम (;), चालेल का, असं हमखास विचारतात. माझी युक्ती अगदी घरगुती आहे: त्या जागी मनातल्या मनात ‘म्हणजे’ किंवा ‘ती अशी, की’ म्हणून बघायचं. त्याची एक अडचण होती, ती अशी, की कुणाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. बसलं, तर कोलन. ‘शी लाइक्स टी, ही लाइक्स कॉफी’ यात ‘म्हणजे’ घालून बघा, हसू येईल. तिथे दोघं शेजारी आहेत, एक दुसऱ्याचा खुलासा करत नाही. म्हणून मध्ये सेमीकोलन. आपल्याला कोलन अवघड जातो तो यामुळेच. त्याचं निम्मं काम मराठीत बिचारा ‘की’ करतो.

आता कुणीतरी मला राज्यघटनेची उद्देशिका दाखवेल. दाखवावीच. ‘अँड टु सिक्युअर टु ऑल इट्स सिटिझन्स’, पुढे कोलन आणि मग जस्टिस, लिबर्टी, इक्वॉलिटी, फ्रॅटर्निटी. डावीकडे वाक्य पुरं झालेलं नाही. काय ‘सिक्युअर’ करायचं ते सगळं उजवीकडे आहे. पण पान डोळ्यांपुढे आणा. चारही शब्द मोठ्या अक्षरांत, प्रत्येक जण नव्या ओळीवर. यादी अशी ओळीखाली ओळ मांडली, की अपुऱ्या वाक्यानंतरचा कोलनही रूढीला चालतो. शिवाय हा कायद्याचा मसुदा, त्याची चाल वेगळी. कायद्यात तर ‘प्रोव्हायडेड दॅट’च्या आधीही कोलन येतो. नोकरीच्या अर्जाला ती ऐट शोभत नाही.

कोलननंतर मोठं अक्षर की लहान? ब्रिटिश वळणात लहान. अमेरिकेत पुढे पूर्ण वाक्य असेल तर पुष्कळ जण मोठं घेतात. एक वळण धरा आणि लेखभर तेच ठेवा. वेळेचंही तसंच: अमेरिकेत १०:३०, ब्रिटिश छपाईत अनेकदा १०.३०.

‘डिअर सर’पुढे काय, अशी चिठ्ठी आली आहे. अमेरिकी व्यावसायिक पत्रात कोलन, ब्रिटिश पत्रात स्वल्पविराम. आपल्याकडे बहुतेक जण स्वल्पविरामच देतात, तोच राहू द्या. फक्त त्याला रेघ जोडू नका.