मुंबई, पुणे, लंडन : पावसाचे दिवस मोजताना

मंडळी, दोन शहरांच्या पावसाची तुलना निघाली की आपण लगेच मिलिमीटरवर येतो. मुंबईत वर्षाला २,२०० मिलिमीटरच्या आसपास, पुण्यात साडेसातशे, लंडनमध्ये सहाशेच्या थोडं वर. मग कुणीतरी विचारतं, "लंडनमध्ये सारखा पाऊस असतो म्हणतात, मग आकडा पुण्यापेक्षा कमी कसा?" लंडनचा पाऊस बारीक असतो आणि वर्षभर पुरवून पुरवून पडतो. मुंबईचा जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. पाऊस किती पडतो आणि किती वेळा पडतो, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. आज दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्याचं उत्तर काढताना हमखास चुका होतात.

लंडनच्या पावसाचे दिवस वर्षाला ११० च्या आसपास सांगितले जातात. मुंबईचे पाऊणशेच्या थोडे पुढेमागे, पुण्याचे पन्नासेक. हे तीन आकडे शेजारी लिहिले की तुलना झाली असं वाटतं. पण लंडनच्या आकड्यात किमान १ मिलिमीटर पाऊस झालेला दिवस मोजलेला असतो. आपलं हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतं. अमेरिकेत इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर पडला तरी दिवस मोजला जातो. ब्रिटनमध्येच ०.२ मिलिमीटरची आणखी एक मर्यादा वापरात आहे.

याने काय फरक पडतो ते एका आठवड्यावर बघू. समजा, पर्जन्यमापकाच्या वहीत सात दिवसांच्या नोंदी अशा आहेत : ०.४, १.८, २.४, २.६, ०.०, १२.२ आणि शेवटच्या दिवशी 'ट्रेस', म्हणजे थेंब पडले पण मोजण्याइतकं पाणी साचलं नाही. एकूण पाऊस १९.४ मिलिमीटर. आपल्या नियमाने यातले पावसाचे दिवस दोन. १ मिलिमीटरच्या नियमाने चार. अमेरिकन नियमाने पाच. आणि रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर तो सहा सांगेल, कारण शेवटच्या दिवशीही त्याचा चष्मा ओला झाला होता. पाऊस तोच, वहीही तीच.

पुण्याच्या जुलैवर या मर्यादेचा सगळ्यात मोठा परिणाम होतो असं माझं मत आहे. घाट ओलांडून आलेले ढग दिवसभर भुरभुर करतात, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आणि सकाळी मोजावं तर दीड-दोन मिलिमीटर. असे कितीतरी दिवस सरकारी मोजणीतून गळतात. म्हणून पुणेकर "महिनाभर झड लागली होती" म्हणतो आणि तक्ता मात्र निम्मा महिना कोरडा दाखवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मुंबईत जुलैचा बहुतेक पाऊस या मर्यादेच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे तिथे मर्यादा खाली आणली तरी आकडा थोडाच हलतो. लंडनला आपली २.५ ची मर्यादा लावली तर मात्र तिथले दिवस झपाट्याने कमी होतात.

तेव्हा पहिली गोष्ट, तयार आकडे घेऊ नका. प्रत्येक शहराच्या रोजच्या नोंदी घ्या आणि सगळ्यांना एकच मर्यादा लावून स्वतः मोजा. मी १ मिलिमीटर सुचवेन. ०.२ ची मर्यादा कागदावर छान दिसते, पण यंत्राला ती झेपत नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकात दोन कप्प्यांची छोटी पळी असते. एक कप्पा भरला की ती उलटते आणि एक नोंद होते. कुठे ०.२ ला उलटते, कुठे ०.५ ला. काल रात्री कप्पा अर्धवट भरून राहिला आणि सकाळी दवाचे चार थेंब त्यात उतरले, तर लख्ख उन्हात ०.२ मिलिमीटर 'पाऊस' नोंदला जातो. उलट मुसळधार सरीत पळी उलटत असतानाच पाणी वाया जातं आणि नोंद कमी येते. नरसाळ्यात पानं, पक्ष्यांची विष्ठा किंवा कोळ्याचं जाळं अडकलं तर पाणी झिरपत राहतं आणि आजचा पाऊस उद्याच्या खात्यात जातो.

हाताने मोजायच्या साध्या पर्जन्यमापकातही एक चूक नेहमी होते. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर असतं, आणि मोजपात्र त्याच मापाचं लागतं. २०० च्या पर्जन्यमापकात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी, १०० च्या पर्जन्यमापकात १०. मोजपात्र फुटलं म्हणून दुसऱ्या मापाचं आणलं, की पुढचा सगळा पाऊस दुप्पट किंवा निम्मा. जागाही नीट हवी : शेजारचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर.

दुसरी गोष्ट, 'दिवस' म्हणजे काय. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी दुपारी पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेला लिहिला जातो. सकाळी सहाला लागलेली सर अकरापर्यंत चालली तर ती दोन दिवसांत विभागली जाते, आणि सर एकच असून पावसाचे दिवस दोन होतात. ज्या देशात मध्यरात्री दिवस बदलतो तिथे पहाटेच्या सरीचं असं होणार नाही. वर्षाच्या बेरजेत हे बरंचसं मिटतं, पण तारखेला तारीख लावून दोन शहरं ताडत असाल तर आधी दिवस जुळवून घ्या. आणखी एक सापळा सुट्टीचा. काही ठिकाणी रविवारी कुणी मोजत नाही आणि सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकत्र लिहिलं जातं. वहीत रविवारी कायम शून्य आणि सोमवारी मोठे आकडे दिसले, तर ते केंद्र दिवस मोजायला वापरू नका. न मोजलेला दिवस आणि शून्य पावसाचा दिवस यांत गल्लत नको, कारण यंत्र बहुधा जोरदार पावसातच बंद पडतं.

तिसरी गोष्ट, शहर म्हणजे नेमकं कुठलं केंद्र? २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदले गेले. त्याच वेळी वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. दोन्ही मुंबईच. लोणावळ्याहून पुण्याला येताना वर्षाचा पाऊस चार हजारांवरून साडेसातशेवर येतो. त्यामुळे एका शहराचं एक केंद्र घेतलं तर दुसऱ्याचंही एकच घ्या. मुंबईच्या डझनभर केंद्रांपैकी कुठेही पडला तर तो दिवस मोजायचा आणि पुण्याच्या मात्र शिवाजीनगरवर थांबायचं, हा पुण्यावर अन्याय आहे. हवामानाची माहिती देणाऱ्या अनेक ठिकाणचे आकडे तर पर्जन्यमापकाचे नसतातच, संगणकी प्रारूपातून आलेले असतात. त्यांत पंचवीस-तीस किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी असते. चौकोनाच्या एका कोपऱ्यात सर आली की सगळा चौकोन थोडा थोडा ओला होतो, आणि पावसाचे दिवस वास्तवापेक्षा फुगतात.

कालावधी ३० वर्षांचा घ्या. सध्या १९९१ ते २०२० प्रमाण मानतात. दोन-तीन वर्षांवरून काही सांगू नये. एखाद्या महिन्यात पाच-सहा दिवसांहून जास्त नोंदी गायब असतील तर तो महिना सोडून द्या.

एवढं झाल्यावर तुलना खरोखर बोलू लागते. सिअॅटल पावसाळी शहर म्हणून प्रसिद्ध आहे, पण न्यूयॉर्कला त्याहून जास्त पाऊस पडतो : सिअॅटलला सुमारे १,००० मिलिमीटर, न्यूयॉर्कला १,२५० च्या आसपास. पावसाचे दिवस मात्र सिअॅटलला दीडशेच्या वर आणि न्यूयॉर्कला एकशेवीसच्या आसपास. दोन्हीकडे नियम एकच, म्हणून ही तुलना टिकते.

वर्षाच्या आकड्यावरही थांबू नका, महिने वेगळे काढा. चेन्नईचा अर्ध्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, तेव्हा मुंबई कोरडी होत गेलेली असते. लंडनमध्ये कुठलाही महिना घ्या, पावसाचे दिवस साधारण आठ ते बारा. मुंबईत जुलैमध्ये वीसच्या वर, जानेवारीत जवळजवळ शून्य. मुंबईच्या वर्षाला ३६५ ने भागून "रोज पाऊस पडण्याची शक्यता वीस टक्के" म्हणणं गणिताने बरोबर, पण ते एकाही महिन्याला लागू पडत नाही.

ज्यांना बाहेरच्या भिंतीला रंग द्यायचा आहे किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आहे, त्यांनी दिवसांची बेरीज बाजूला ठेवून उघडीप मोजावी. सलग तीन कोरडे दिवस महिन्यात किती वेळा मिळाले, हे त्याच नोंदींतून निघतं. तिथे मर्यादा २.५ ची नको, ०.२ ची घ्या आणि 'ट्रेस'ही ओलाच धरा, कारण ओल्या भिंतीवर दिलेला रंग दीड मिलिमीटरच्या भुरभुरीनेही फुगतो.