पाणी किती फुटावर?

(पहाट. राजाराम बंधारा. पाण्यात उभी फूटपट्टी.)

जुलैचा पाऊस लागला की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर आधी हेच विचारतो. उत्तर पंचगंगा नदीवरच्या, कसबा बावड्याच्या या बंधाऱ्यावर लिहिलेलं असतं. 39 फूट म्हणजे इशारा. 43 म्हणजे धोका.

(राधानगरी. दरवाजा वर उचलला जातो. आवाज तसाच राहू द्या.)

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी. चौघी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतात आणि पंचगंगा होतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. त्याचे हे सात दरवाजे कुणी माणूस उघडत नाही. पाणी ठरल्या पातळीला टेकलं की ते आपोआप उचलले जातात, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. ते पाणी शहराजवळ यायला काही तास लागतात. आपल्या हातात असतात ते तेवढेच.

(चिखली. ट्रॉलीत म्हशी, वैरण, वर बसलेली पोरं.)

चिखली-आंबेवाडीत आधी म्हसरं हलतात. बाहेरच्याला नवल वाटतं. पण माणूस होडीतून येईल, म्हैस होडीत चढत नाही. रस्ता उघडा आहे तोवरच तिला नेता येतं. म्हणून पट्टी 39 ला लागली की ट्रॉली भरायला घ्या, 43 ची वाट बघू नका. आणि काही कारणानं जनावर मागं राहिलंच, तर दावं सोडून या. बांधलेल्या जनावराला पोहता येत नाही.

(भिंतीवरच्या पुराच्या खुणा, एकीवर एक.)

“गेल्या पुराला आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं.” हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. 2005 ची खूण 2019 ला बुडाली. 2019 ची 2021 ला.

(घरात आवराआवर.)

मेन स्विच बंद. गॅसचा रेग्युलेटर काढलेला. सातबारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी घरातल्या एकाच माणसाकडं. म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी असतील ते पहिल्या खेपेला. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077. रुग्णवाहिका 108.

(गुऱ्हाळातली काईल पाण्यावर. दोघं बसलेले.)

गुळाची काईल, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. पुरात हिची होडी होते, फोटोही छान येतो. पण काईल गोल असते; एका बाजूला वजन गेलं की कलंडते. पर्याय असेल तर बसू नका.

(रबरी बोट. जवान जॅकेटचे पट्टे आवळतोय.)

बोटीतही जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. बोटवाला ‘बास’ म्हणाला की बास. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी जादा माणसं भरलेली बोट उलटली, 17 जण गेले.

(शाळेतली छावणी. संध्याकाळ. निवेदन नाही.)

(पुन्हा बंधारा. पट्टीवर ओला चिखल.)

पाणी उतरलं तरी लगेच घरात शिरू नका. काठीनं आवाज करत जा, कोपऱ्यात साप असतो. वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबू नका. पाणी उकळून प्या.

पट्टीवर आता 31 आहे. खालचा चिखल अजून वाळायचाय.