पातेल्यातले पंच

श्रोतेहो, नमस्कार. नाताळ जवळ आला की लोकांना केकचा वास येतो, मला हायपोचा येतो. तोच हायपो, ज्यात फोटो पक्का करायचा. आमच्या घरची मोरी त्या वासानं आंबली होती आणि आई रोज विचारायची, "हे आंघोळीचं पाणी आहे की तुझं औषध?"

मी नगरचा. अमेरिकन मराठी मिशन तिथं 1831 साली आलं, त्यांचं नियतकालिक 'ज्ञानोदय' 1842 साली तिथूनच निघालं. तेव्हा चर्च आमच्या हाडीमाशी होतं. शनिवारी गायनमंडळाची तालीम, रविवारी संडे स्कूल, मधल्या वारी तरुण संघ. ना. वा. टिळकांची भजनं पेटी, तबला आणि टाळ यांवर. हल्ली की-बोर्डचं बटण दाबतात आणि आतून कुणीतरी ठेका धरतो. टिळकांच्या भजनाला टाळच हवा, माझं हे मत बदलायचं नाही. असो.

तर फोटो. मामेभावाचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा माझ्याकडे आला. बडोद्यात बनायचा तो. एका रोलात बारा फोटो. फोटो काढला की चावी फिरवायची, मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत. विसरलात तर कॅमेरा अडवत नाही, पुढचा फोटो आधीच्याच फोटोवर चढतो. पुन्हा सांगतो, फोटो काढला की चावी फिरवायची.

1974 चा नाताळ. उपासना सुटली, पायऱ्यांपुढे खुर्च्या मांडल्या आणि चर्चचा कारभार बघणारी पंचकमिटी बसली. पाच पंच, काळे कोट, दोघांना पांढरे फेटे. मधोमध खजिनदार. मी खटका दाबला. तेवढ्यात मागून हाक आली, "अरे, प्रीतिभोजनाचा एक काढ!" धावत गेलो. तीन दगडांवर मटणाचं पातेलं, बाहेरून काजळीनं काळंकुट्ट, आचारी डाव घेऊन उभा. दाबला खटका. चावी? चावी कोण फिरवणार!

रात्री मोरीत लाल दिवा लावला. घड्याळ नव्हतं, म्हणून मी प्रभूच्या प्रार्थनेवर वेळ मोजायचो. काचेखाली निगेटिव्ह आणि कागद, वर साधा दिवा, "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो", की दिवा बंद. मग कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या औषधात, सगळी प्रार्थना चार वेळा. डिसेंबरातलं नगरचं पाणी, म्हणून डेव्हलपर आधी कोमट करून घेतलेला.

पहिली प्रार्थना संपेपर्यंत काहीतरी गोल, काळं उमटलं. दुसरीत त्या काळ्यात दोन फेटे दिसले. तिसरीत फेट्यांखाली मिशा आल्या. चौथी मी म्हटलीच नाही. मधले तीन पंच पातेल्यात गळ्यापर्यंत बसलेले, कडेचे दोघे जाळाशेजारी उभ्या-आडव्या सावल्यांसारखे, आणि आचाऱ्याचा डाव बरोबर खजिनदारांच्या टाळूवर. पातेलं काळं होतं ना, म्हणून आतले चेहरे अगदी स्वच्छ आले होते. त्या रोलातला तेवढाच फोटो हलला नव्हता.

स्टुडिओवाले मामा मला शिकवायचे, त्यांना दाखवला. ते स्टुलावरून उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "फिक्सिंग मात्र चांगलं केलंयस."

पंचांनी फोटो मागितलाच. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या हातात पाकीट दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "यंदा एवढ्या माणसांना मटण पुरलं कसं, ते आज कळलं."

खजिनदारांनी रोलाचे पैसे दिले नाहीत, ते नाहीच. पण त्याच संध्याकाळी त्यांच्या मंडळी आमच्या दारात आल्या, पदराखालून रुपया काढला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "बाळा, मला एक मोठा करून दे. ह्यांना सांगू नकोस."