सबब सांगून पाठवलेलं पेंटिंग

मॉस्को, १८७७चा उन्हाळा. वासिली पोलेनोव्ह नावाचा तेहतीस वर्षांचा चित्रकार भाड्याची जागा शोधत अर्बात भागातल्या गल्ल्या पालथ्या घालतोय. एका दारावर चिठ्ठी लावलेली दिसते, हा आत शिरतो, खिडकीतून बाहेर बघतो आणि भाडं-बिडं राहिलं बाजूला, तिथेच बसून समोरचं अंगण रंगवायला घेतो. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय, त्यामुळे थोडा मीठमसाला असेलच, पण चालतंय.

त्या अंगणाचं पुढे जे पेंटिंग झालं ते हे, 'मॉस्कोतलं अंगण', १८७८. रशियात हे शाळेत शिकवतात आणि पोरांना त्यावर निबंध लिहायला लावतात, म्हणजे हा छळ सगळीकडे आहेच.

आता जरा जवळ जाऊया. खाली गवतात एक गोरंगोमटं पोर बसून रडतंय आणि कोणीही त्याच्याकडे लक्ष देत नाहीये, पुढे उभी असलेली मुलगी तर हातातल्या फुलात इतकी गुंग आहे की शेजारी भोंगा वाजला तरी कळणार नाही. एक बाई बादली घेऊन निघालीये. गाडीला जुंपलेला घोडा मालकाची वाट बघत उभा, गोठ्यापाशी कोंबड्या माती उकरतायत. गवतातून माणसांच्या जाण्यायेण्याने पडलेल्या पायवाटा बघा, कुठेही सरळ रेषेत नाहीत. आणि या सगळ्याच्या मागे चर्चचा पांढराशुभ्र घंटेचा मनोरा न् सोनेरी घुमट. घडत काहीच नाहीये. राजा नाही, लढाई नाही, साधी एक भानगडसुद्धा नाही.

पण ऊन बघा! जून महिन्यातलं, सकाळचं वाटावं असं, डोळ्यावर न येणारं. गवत नुसतं हिरवं नाहीये, त्यात पिवळा आहे, निळसर आहे, वाळका तपकिरी आहे, आणि सावल्या कुठेही काळ्या फासलेल्या नाहीत, सावलीत पण रंग आहे. पीटर्सबर्गच्या चित्रकलेच्या सरकारी अकॅडमीत त्या काळी स्टुडिओतल्या तपकिरी उजेडात ग्रीक पुराणं आणि बायबल रंगवायला शिकवायचे, पोलेनोव्ह त्याच तालमीतला. मग अकॅडमीच्या स्कॉलरशिपवर तो पॅरिसला गेला, आणि १८७४ मध्ये चित्रकार मित्र इल्या रेपिनबरोबर नॉर्मंडीतल्या व्ह्यूल नावाच्या खेड्यात उघड्यावर बसून काम केलं. माझ्या मते या अंगणातलं ऊन तिथून आलंय, फक्त पडलंय अस्सल मॉस्कोच्या गवतावर.

मधे एक युद्ध पण आहे. १८७७च्या शेवटी पोलेनोव्ह रशिया-तुर्कस्तान युद्धात सरकारी चित्रकार म्हणून बल्गेरियाच्या आघाडीवर गेला, आणि गंमत म्हणजे तिथेही त्याने छावण्या, घरं, निसर्ग हेच जास्त रंगवलं, रक्तपात टाळलाच. परत आला आणि हे अंगण प्रदर्शनाला पाठवलं. प्रदर्शन होतं पेरेद्विझ्निकींचं, म्हणजे अकॅडमीशी फारकत घेऊन गावोगावी चित्रं फिरवणाऱ्या मंडळींचं, आणि त्यांच्याबरोबर याची ही पहिलीच वेळ. त्यांच्यातला मोठा माणूस इवान क्राम्स्कोय. त्याला पोलेनोव्ह पत्रात काय लिहितो, तर माझ्या छोट्या चित्रात उन्हाळ्याच्या सुरुवातीचं मॉस्कोतलं एक अंगण आहे, याहून मोठं काही करायला वेळ मिळाला नाही, नाहीतर तुमच्याकडे काहीतरी दमदार घेऊन येणार होतो. चक्क सबब! आणि ते चित्र विकत कोणी घेतलं, तर पावेल ट्रेत्याकोव्हने, ज्याच्या नावाची गॅलरी आज मॉस्कोत आहे.

त्याच वर्षी त्याने तोच परिसर घेऊन 'आजीची बाग' रंगवलं, आणि खरं सांगायचं तर मला हे जास्त आवडतं. खांब असलेलं जुनं लाकडी घर, १८१२च्या आगीत मॉस्को जळाल्यावर सरदार लोकांनी अशी घरं बांधली होती, लाकडावर गिलावा करून दगडी वाटतील अशी. इथे त्या गिलाव्याचा रुबाब पार उतरलाय. १८६१ मध्ये भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांची पद्धत बंद झाली, फुकटचे राबणारे हात गेले, आणि अशी कितीतरी घरं हळूहळू मोडकळीला आली. घरासमोरच्या वाटेवरून एक वाकलेली आजी कधीच फॅशनमधून गेलेल्या कपड्यात एका तरुण मुलीच्या आधाराने चाललीये. मुलीचा ड्रेस फिका गुलाबी. दोन्ही बाजूंना फुलझाडं वाट्टेल तशी वाढलीयेत, माळी बहुतेक केव्हाच सोडून गेला असावा, पण बागेला त्याचं काही पडलेलं नाही, ती मजेत फुललीये.

बरं, ते 'दमदार' काम पण त्याने केलं हं. 'ख्रिस्त आणि पापी स्त्री', १८८८, त्यासाठी इजिप्त, सीरिया, पॅलेस्टाईन फिरून आला, सव्वातीन मीटर उंच आणि सहा मीटरहून जास्त रुंद कॅनव्हास, घेणारा थेट झार तिसरा अलेक्झांडर. अंगणाचं चित्र जेमतेम ६५ बाय ८० सेंटीमीटर. आज निबंध कशावर लिहितात ते मगाशी सांगितलंच. शिवाय तो मॉस्कोच्या आर्ट स्कूलमध्ये शिकवायचा आणि लेव्हितान, कोरोविन ही रशियन लँडस्केपमधली बडी नावं त्याच्या हाताखालून गेलीयेत, म्हणजे या उन्हाची पुढची पिढी पण त्यानेच घडवली.

अंगण आता नाही. १९६०च्या दशकात या भागातून मोठा रस्ता काढला, जुन्या गल्ल्या गेल्या, जवळच्याच एका हवेलीत अमेरिकेच्या राजदूताचं निवासस्थान आहे. चित्रातलं चर्च मात्र उभं आहे, सोव्हिएत काळात तिथे बाहुल्यांच्या ॲनिमेशन फिल्म बनवायचा स्टुडिओ होता, आता परत प्रार्थना होते. मॉस्कोला गेलात तर आधी ट्रेत्याकोव्हच्या लाव्रुशिन्स्की गल्लीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दोन्ही चित्रं बघा आणि मग चालत या चर्चपाशी जा, मनोरा लगेच ओळखू येतो.