सेकंदाचा चोविसावा भाग

अध्यक्ष महाराज आणि रसिकहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘फाइट क्लब : आधुनिक परात्मता आणि बंड’ असा छापला आहे (परात्मता म्हणजे माणूस स्वतःलाच परका होणे), आणि तो मीच कळवलेला असल्यामुळे संयोजकांना दोष देण्याची सोय नाही. डेव्हिड फिंचर यांचा १९९९ सालचा हा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे असे मी धरून चालतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांची क्षमा मागून त्याचे रहस्य आधीच फोडतो. झोप उडालेला, नाव नसलेला तो नोकरदार तरुण आणि त्याला विमानात भेटणारा साबणविक्या टायलर डर्डन हे दोघे एकच आहेत.

हा टायलर रात्रपाळीला चित्रपटगृहात रिळे चालवतो आणि कुटुंबवत्सल चित्रपटांत एखादी अश्लील फ्रेम चिकटवून देतो. परीक्षणांत ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. माझ्या मते मात्र सगळा चित्रपट यंत्राच्या त्या खोलीतच आहे, आणि असे मला का वाटते हे सांगण्यासाठी थोडे आमच्या गावी जावे लागेल.

आमच्या टॉकीजच्या ऑपरेटरना आम्ही मुले काका म्हणत असू. खोलीत दोन यंत्रे असत; रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके, काका दुसरे यंत्र सुरू करत, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की पहिले यंत्र झाकून दुसऱ्याचा उजेड पडद्यावर सोडत, आणि खाली बसलेल्या चारशे माणसांना यातले काहीही कळत नसे. तालुक्या-तालुक्यांतून फिरून आलेली प्रिंट भोकांपाशी फाटलेली असे. तेवढा तुकडा कापून, ब्लेडने कड खरवडून काका पट्टी जोडत आणि कापलेले तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. एका महाशिवरात्रीला संतपट लागला होता, प्रिंट ऐन वेळी पोहोचली होती, आणि घाईघाईत त्या डब्यातला, कुठल्याशा मारधाडीच्या चित्रपटाचा तीन फ्रेमांचा तुकडा अभंगाच्या मध्ये जोडला गेला.

मध्यंतरात तिसऱ्या रांगेतले एक आजोबा जिना चढून वर आले आणि त्यांनी विचारले, “मगाशी अभंग चालू असताना कुणी सुरा घेऊन गेलं का हो?”

काका शांतपणे म्हणाले, “आजोबा, तुमचा डोळा लागला असेल.”

आजोबा ओशाळून खाली गेले, आणि मी हसलो. (आपणही आत्ता हसलात, म्हणजे या पापात मी एकटा नाही.) चारशे जणांत जो एकटा जागा होता, त्यालाच आम्ही झोपाळू ठरवले.

फिंचर यांनी आपल्या सर्वांचे तेच आजोबा केले आहेत. विमानातल्या भेटीपूर्वी टायलर चार वेळा येऊन जातो : कचेरीतल्या झेरॉक्स यंत्रापाशी, डॉक्टरांच्या मागे, रुग्णांच्या आधारगटात आणि त्याच आधारगटांत नायकाला भेटलेली मार्ला रस्त्याने निघून जाते तेव्हा, दर वेळी एकच फ्रेम, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. आपल्याला काहीतरी खुपते आणि आपणच आपली समजूत घालतो की डोळा लागला असेल. नायकही स्वतःची हीच समजूत घालत असतो. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत खर्चही भरून न निघालेला हा चित्रपट पुढे डीव्हीडीवर उचलला गेला, आणि घरोघरच्या रिमोटने ती फ्रेम थांबवून दाखवली, तेव्हा आजोबांची साक्ष खरी ठरली.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. तीवर ‘पाच मिनिटे’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत, त्यामुळे परात्मता आणि बंड या दोघांनाही आता एकाच टांग्यात बसावे लागेल.

परात्मतेचे दृश्य म्हणून सगळे जण आयकियाच्या कॅटलॉगाकडे बोट दाखवतात, जिथे फर्निचर किमतीच्या अक्षरांसकट घरात उगवते. मला त्याहून भीषण वाटते ते नायकाचे नोकरीतले गणित : रस्त्यावरच्या गाड्यांची संख्या, बिघाडाची शक्यता आणि तडजोडीची सरासरी रक्कम यांचा गुणाकार गाड्या परत बोलावण्याच्या खर्चाहून कमी भरला, तर माणसे जळाली तरी गाड्या परत बोलवायच्या नाहीत. फाइट क्लबच्या तळघरात माणसे एकमेकांना घालतात त्या सगळ्या गुद्द्यांहून अधिक हिंसा या गुणाकारात आहे, आणि तिच्यात कुणाच्या शर्टावर डाग पडत नाही.

बंडाविषयी एवढेच की ते पाहता पाहता दुसरी कचेरी होऊन बसते. टायलरच्या फौजेत काळे कपडे, भादरलेली डोकी, प्रश्न विचारायचे नाहीत हा पहिला नियम, आणि नाव मिळते ते मेल्यावर. टायलरची भित्तिपत्रके खोलीत लावणाऱ्या तरुणांनी हा उत्तरार्ध पाहिलेला दिसत नाही. २०२२ साली चीनमधल्या एका संकेतस्थळाने या चित्रपटातले शेवटचे स्फोट कापून, पोलिसांनी कट उधळला अशी पाटी लावली होती. ओरड झाल्यावर बराचसा भाग परत आला. तेही डब्यातल्या तुकड्याचेच काम, फक्त सरकारी शिस्तीचे.

मूळ शेवटात, इमारती कोसळत असताना, फिंचर यांनीही टायलरचीच खोडी करून एक फ्रेम चिकटवली आहे. तीत काय आहे ते मी येथे सांगू शकत नाही, कारण पुढच्या रांगेत माझ्या मामी बसल्या आहेत.