कानाझावा : सोन्याचा वर्ख आणि किडकं पान

नमस्कार, श्रोतेहो. जपानला जाण्याचा योग आला, तर टोकियो आणि क्योटोच्या धावपळीतून एक दिवस कानाझावा या शहरासाठी अवश्य राखून ठेवा, असा माझा आग्रह आहे. 2015 पासून टोकियोहून थेट शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावते आणि साधारण अडीच तासांत आपण तिथे पोहोचतो.

1583 साली माएदा तोशिइए या सरदाराने इथला किल्ला ताब्यात घेतला. पुढे जपानवर सत्ता गाजवणाऱ्या तोकुगावा घराण्याखालोखाल श्रीमंत असलेल्या माएदांवर शोगुनची, म्हणजे त्या घराण्यातील लष्करी शासकाची, संशयी नजर असे. म्हणून त्यांनी आपला पैसा शस्त्रांऐवजी विद्या आणि कलांकडे वळवला. शस्त्रांच्या दुरुस्तीसाठी किल्ल्यात असलेल्या कारखान्यात पुढे लाखकाम आणि धातूकाम होऊ लागले. या शहरात किल्ला पाहणे आणि कारागिरी पाहणे ही दोन वेगळी कामे नाहीत, ती यामुळेच. सकाळी किल्ल्याचा इशिकावा दरवाजा आणि समोरची केनरोकुएन बाग पाहावी, आणि मग आसानो नदी ओलांडून हिगाशी चाया या जुन्या चहागृहांच्या वस्तीत जावे. 1820 साली वसवलेल्या या वस्तीतील लाकडी जाळ्यांची घरे आजही उभी आहेत.

जपानमधील जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच शहरात तयार होतो. सोन्यात किंचित चांदी आणि तांबे मिसळून ते कागदांच्या थरांत ठोकत ठोकत मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके पातळ केले जाते. खरे कसब त्या कागदात आहे. पेंढ्याच्या राखेचे पाणी, अंडे आणि पर्सिमन फळाचा तुरट रस यांत भिजवून, वाळवून, पुन्हा पुन्हा ठोकून तो तयार करावा लागतो. धातूला वर्ख चिकटतो, म्हणून कारागीर तो बांबूच्या चिमट्याने उचलतो आणि सुरकुती पडली, तर हलकी फुंकर घालून ती मोडतो. इथली दमट हवाही या कामाला मानवते, कारण कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे वर्ख हाताळणे अवघड होते. काही दुकानांत आपल्यालाही एखाद्या डबीवर वर्ख लावू देतात. ती संधी सोडू नये.

मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते कागा युझेन, म्हणजे इथले रेशमावरचे रंगकाम. चिकट तांदळाच्या खळीने नक्षीची रेघ ओढली जाते, त्यामुळे शेजारचा रंग पलीकडे पसरत नाही. आणि पूर्वी ही खळी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतली जाई. एवढ्या सोन्याच्या शहरात हे कारागीर परंपरेने कापडावर सोने वापरत नाहीत, भरतकामही टाळतात. उलट ते पानावर किडीने पाडलेली भोके रंगवतात, कारण झाडावरचे पान प्रत्यक्षात तसेच असते. एखादा किमोनो समोर आला, तर फुलांच्या आधी ती भोके शोधावीत.