वाट पाहणाऱ्यांचा डिसेंबर

(दृश्य: पणजी, संध्याकाळ. दुकानांसमोर टांगलेली कागदी नखेत्रं, म्हणजे नाताळचे चांदणी-कंदील.)

अठरा जून रस्त्यावर नोव्हेंबर संपायच्या आतच नखेत्रं लटकू लागतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत तर नाताळची गाणी कधीचीच सुरू झालेली असतात. आणि त्याच दिवसांत गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, फादर जांभळी वस्त्रं घालून मिस्सेच्या प्रार्थनेला उभे राहतात. जांभळा हा ईस्टरआधीच्या उपवासकाळाचाही रंग. वेदीवर फुलं बेताची, रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत गायचं नाही. बाहेर सण रंगात आलाय, आत तो अजून पोचलेलाच नाही.

हा आगमनकाळ, नाताळाआधी येशूच्या येण्याची वाट पाहण्याचा. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी तो सुरू होतो. चार आठवड्यांचा म्हणतात, पण नाताळ सोमवारी आला की चौथा आठवडा एका दिवसात आटोपतो!

गोव्यात हा काळ निवांत असतो, असं मात्र समजू नका. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण. या गोंयच्या सायबाच्या पाया पडायला हिंदू घरांतली माणसंही रांगेत असतात. ८ तारखेला पणजीच्या इगर्जीचं फेस्त, खाली फेरीत, म्हणजे जत्रेत, खाज्यांचे ढीग. मधल्या एखाद्या संध्याकाळी कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, रांग. प्रार्थना करायची ती या सगळ्या गलबल्यातच.

(दृश्य: रायतूर. टेकडीवरची सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, खाली खाजन, म्हणजे बांध घातलेली खाडीकाठची शेतं.)

झुआरीकाठचं हे रायतूर. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण इथं छापलं गेलं. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू, आणि लिहिलं त्यानं मराठी ओवीत. आपण मराठी माणसं त्यातली मराठीच्या कौतुकाची ओवी तेवढी लक्षात ठेवतो. मला या ग्रंथाची मांडणी अधिक मोलाची वाटते. त्याचे भाग दोन, पैलें पुराण आणि दुसरें पुराण. येशूचा जन्म दुसऱ्यात. म्हणजे बेथलेहेमला पोचायच्या आधी चार हजारांवर ओव्या, आदाम आणि एवेपासून, श्रोत्यानं नुसतं थांबायचं. स्टीफन्सला घाई नव्हती. अख्खा पहिला भाग त्यानं वाट पाहण्यालाच दिला.

तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्रं येतात. हा आनंदाचा रविवार. मिस्सेतल्या बायबल-वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, आणि त्यातल्या एका वर्षी या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय निघतो. बाप्तिस्मा देणारा योहान हेरोद राजाच्या तुरुंगात आहे. तो शिष्यांकरवी येशूला विचारतो, जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहावी? जन्मभर ज्यानं ‘तो येतोय’ म्हणून लोकांना सांगितलं, त्यालाच ही शंका. येशू हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आंधळे पाहताहेत, पांगळे चालताहेत, तुम्ही पाहता-ऐकता ते योहानाला जाऊन सांगा, एवढंच उत्तर. तुरुंगाचं दार काही उघडत नाही.

ऐन आनंदाच्या रविवारी हा उतारा नेमणाऱ्यांना माणूस चांगला कळला होता, असं मला वाटतं. शंका मिटल्यावरच शांती मिळणार असेल, तर ती योहानालाही मिळाली नसती. मग आपली काय कथा!

(दृश्य: दक्षिण गोव्यात सासष्टीतलं एक घर. स्वयंपाकघरात कुलकुलांची, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड शंखाळ्यांची, लगबग.)

या घरातला धाकटा मुलगा तारवटी, म्हणजे जहाजावरचा, क्रूझवर नोकरीला. नाताळात क्रूझवर तुफान गर्दी, त्यामुळे रजेचं नाव काढायचं नाही. फोन लागला तर लागला. आई रोज तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते, आगमनकाळात सकाळची मिस्साही चुकवत नाही. देवावरच्या विश्वासानं नेमकं काय बदललं, असं विचारल्यावर कुलकुल वळणारा तिचा हात थांबला नाही. “पयलीं हांव देवाकडेन झगडटालीं,” ती म्हणाली. “आतां ‘ताका सांबाळ’ म्हूण सांगतां आनी न्हिदतां.”

झोप लागते, हे तिनं इतक्या सहज सांगितलं की आमच्या पुढच्या प्रश्नांची यादी तिथंच संपली.

मग कामाचं बोलणं सुरू झालं. दोदोल हे नाताळचं गोड ढवळायला दोन माणसं लागतात, या वर्षी एकच आहे. बेबिंका, म्हणजे थरांचा केक, विकतची आणणार, सूनबाईंना ते पसंत नाही. शेजारच्या हिंदू घरात कोन्सुआदाचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट जायचंय. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिकडून नेवऱ्या आल्या होत्या, आता इकडून जातील. सारण कुणाचं सरस, यावर दोन्ही घरांचं अजून जमलेलं नाही. मुलाची रजा मार्चात. त्याच्यासाठी पेराडीचा, म्हणजे पेरूच्या वड्यांचा, एक डबा कपाटावर वेगळा ठेवलाय, पण नातवंडांना ती जागा आधीच सापडली आहे.